ब्रेकमास्तरांचा चुकलेला ठोका

त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून या माणसाने उभा जन्म काढला होता, तेव्हा लोक दुसरं काय म्हणणार! पण नावामागे तेवढंच नव्हतं. बाकीच्या शिकवणाऱ्यांनी ब्रेक दाबला की गाडीला हिसका बसे, शिकणाऱ्याचं नाक स्टिअरिंगपाशी जाई आणि वर तोंडाचा पट्टा सुरू होई तो वेगळाच. मास्तरांचा ब्रेक लागलेला कळायचाच नाही. गाडी अलगद थांबे आणि शिकणाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. तो घरी जाऊन छाती फुगवून सांगे, "आज एक सायकलवाला एकदम आडवा आला, पण असा वेळेवर ब्रेक दाबला म्हणून सांगू मी!" असलं काही कानावर आलं की मास्तर मिशीतल्या मिशीत हसत. त्याची भीती मोडली ना, मग श्रेय कुणाच्या का खात्यात जाईना, असं त्यांचं साधं गणित होतं.

हा गुण त्यांनी गाडीत नाही, ड्रमवर कमावला होता. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आणि कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांत वाजवणारा एक बँड होता. त्यात ते विशीपासून ड्रम वाजवत आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, गिटार घेऊन गायची. बँडचा मुख्य गायक दिसायला देखणा, आवाज खणखणीत, पण तालाशी त्याचं हाडवैर. कडव्याच्या तोंडाशी हमखास आधीच उडी मारायचा. मास्तर त्याच्या खांद्यांवर नजर ठेवून असत. खांदा उचलला की हे ओळखत, आता हा उडी मारणार, आणि त्याच्याबरोबर ड्रमही उडी मारी. ऐकणाऱ्यांना वाटे, चालच तशी बांधली आहे. गायकाला तर आपण चुकतो याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. ताईला हे मुळीच पसंत नव्हतं. "तू त्याला सांभाळून घेतोस म्हणून तो सुधारत नाही," ती फणकारायची. मास्तर ऐकून घेत आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा त्याला सांभाळून घेत.

यथावकाश बँड पांगला. मास्तरांनी ड्रमचा सेट एका शाळेला देऊन टाकला, कारण फ्लॅटमध्ये ड्रम वाजवणं म्हणजे खालच्या शेजाऱ्यांशी कायमचं वैर. ताईने वाचनालयात नोकरी केली, निवृत्त झाली, आणि फावल्या वेळात स्वतःच गाणी रचून गुणगुणू लागली. असं सगळं बेतशीर चाललेलं असताना एके दिवशी सकाळी दाढी करता करता मास्तरांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून बेसिनमध्ये पडला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, तर हात त्यांचं ऐकेना. मग पायही ऐकेना.

अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला येतो त्याला तो सौम्य वाटत नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगावं? मास्तर रबरी चेंडू दाबत राहिले, ताटलीतले मणी एकेक करून वाटीत टाकत राहिले, घराच्या पॅसेजमध्ये भिंतीला धरून येरझाऱ्या घालत राहिले. त्यांची बायको औषधाच्या दुकानात काम करायची. ती संध्याकाळी आली की पर्स ठेवायच्या आधी विचारायची, "किती वेळा चाललात?" आणि मास्तर थोडं वाढवून सांगत. हळूहळू हात परत आला, पाठोपाठ पायही. शेवटी डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या नाकाला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, "झकास. कामावर जायला माझी काही हरकत नाही."

स्कूलच्या मालकीणबाईंचा लगेच फोन. "मास्तर, येत्या सोमवारपासून या. तुमची गाडी मी अजून कुणाला दिलेली नाही. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत नक्की काय ते सांगा, म्हणजे मला विद्यार्थी लावता येतील."

"सांगतो," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. बायकोला वाटलं होतं, ते आनंदाने उडी मारतील. पण मास्तर आपल्या उजव्या पायाकडे बघत बसले. नाकाला बोट लावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना भर रस्त्यात ब्रेक लावणं वेगळं. तिथे डोक्यात विचार येणं आणि पाय दाबला जाणं एकाच क्षणी व्हावं लागतं. आपला पाय परत आलाय हे खरं, पण तो वेळेवर परत आलाय का? ही शंका त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. आपली भीती चारचौघांत मांडायची त्यांना सवय नव्हती.

खरं तर ही शंका फिटावी म्हणूनच ते गेले काही आठवडे कॉम्प्युटरवरचे ड्रम वाजवत होते. ही कल्पना त्यांच्या लेकीची. ती दुसऱ्या शहरात राहायची. बाबांच्या हाताला व्यायाम होईल आणि करमणूकही, म्हणून तिने एका मैत्रिणीकडचा रबरी पॅडचा सेट पाठवला, ड्रमचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून दिलं आणि वर, बाबांना वायरींचा त्रास नको म्हणून, छानपैकी बिनतारी हेडफोन भेट दिले. पॅडवर काठी मारायची. पॅडमधून एक वायर लॅपटॉपला जाते. कुणीतरी कधीतरी खऱ्या ड्रमवर वाजवून भरून ठेवलेला आवाज लॅपटॉप त्या क्षणी काढून देतो. बाहेर ऐकू येतं ते फक्त रबराचं थप थप. शेजारी खूश, आपणही खूश. निदान लेकीने फोनवर असं सांगितलं होतं.

प्रत्यक्षात त्या सेटने मास्तरांच्या नाकी नऊ आणले. पहिल्या दिवशी आवाजच येईना. मास्तर पॅड बडवतायत, पडद्यावर हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि हेडफोनमध्ये सामसूम. बायको चष्मा लावून सूचना वाचायला बसली, ती डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी तशी एकेक शब्द सुटा करत. तासाभराने शोध लागला की आवाज हेडफोनऐवजी बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीकडे जात होता आणि टीव्ही बंद होता. दुसऱ्या दिवशी आवाज आला, पण पायाचा पेडल दाबला की मोठ्या ढोलाच्या जागी झांज खणखणायची आणि झांजेवर काठी मारली की ढोल घुमायचा. "माझ्या पायाची आणि हाताची अदलाबदल केली की काय या पोरीने!" मास्तर करवादले. लेकीने फोनवरून समजावलं, की प्रत्येक पॅडला एक आकडा असतो आणि तो सॉफ्टवेअरमधल्या योग्य वाद्याशी जुळवावा लागतो. मग बायकोने आकडे वाचायचे, मास्तरांनी पॅड मारायचा, असं करत ते लग्न एकदाचं लागलं.

तिसरी भानगड म्हणजे चरचर. जोरात वाजवलं की आवाजात तेल तापल्यासारखं चुरचुरायचं. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची एक पट्टी होती. आवाज तयार करायला लॅपटॉपला थोडी उसंत द्यायची, ती त्या पट्टीने ठरते, असं लेक म्हणाली. पट्टी जरा पुढे सरकव, चरचर जाईल. मास्तरांनी ती थेट टोकाला नेऊन ठेवली. अर्धवट काम त्यांना आवडत नसे. चरचर गेली. मात्र एक कान उघडा ठेवून रेडिओवरच्या गाण्याला साथ करताना, काठी पडली की आवाज किंचित मागाहून येतो असं त्यांना वाटलं. असेल, नवीन वाद्य आहे, त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा, असं म्हणून त्यांनी हात थोडा पुढे टाकला. चार-पाच दिवसांत हात त्याला रुळला आणि मास्तर ती गोष्ट विसरूनही गेले.

त्यानंतर रोज दुपारी त्यांची बैठक रंगू लागली. हेडफोनमध्ये खराखुरा ड्रम गरजे. उजवा हात चाले, उजवा पाय चाले, आणि मास्तरांना मनात गुदगुल्या होत. मग ताईने फर्मान सोडलं, "माझं ते नवीन गाणं तुझ्यासोबत रेकॉर्ड करायचं. मी मरायच्या आत."

"तू कुठली मरतेस!" मास्तर म्हणाले, पण मनातून हरखले. रेकॉर्ड केलं की समजेलच, ते स्वतःशी म्हणाले. कान लबाडी करतील, रेकॉर्डिंग करणार नाही.

गुरुवारी ताई गिटार घेऊन आली. पलंगावरच्या गाद्या भिंतीला उभ्या करून खोलीचा घुमारा कमी केला. ताईसमोर माइक ठेवला. मास्तरांनी हेडफोनचा एक कान झाकला आणि दुसरा ताईचं गाणं ऐकायला उघडा ठेवला. गाणं संथ होतं, बोटीने गावाला जाणाऱ्या माणसांचं. मास्तरांनी हलक्या हाताने साथ धरली आणि त्यांना वाटलं, इतकी वर्षं मधे गेलीच नाहीत. ताईचा आवाज, गिटार, ड्रम, सगळं एकात एक मिसळत होतं. शेवटचा ठोका पडला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. ताईच्या कपाळावर मात्र आठी.

"तू घाईत आहेस का रे? कुठे जायचंय तुला?" तिने विचारलं. तिला हेडफोन नव्हते, त्यामुळे तिच्या कानावर फक्त रबराची थपथप येत होती. "तुझी काठी सारखी माझ्या आधी पडते."

"छट्! मी तर तुझ्या पावलावर पाऊल टाकून चाललोय."

"मग ऐकूया," ताई म्हणाली.

लॅपटॉपच्या स्पीकरवर त्यांनी गाणं लावलं आणि मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. ताईचा आवाज आपला शांतपणे चालला होता आणि ड्रम त्याच्या पुढे पुढे पळत होता. प्रत्येक ठोका आधी. कडव्यात आधी, ध्रुवपदात आधी. जणू कुणी उतावळा माणूस हात धरून ताईला ओढत नेत होता. त्यांनी पुन्हा वाजवलं. वाजवताना पुन्हा सगळं चपखल, आणि ऐकताना पुन्हा तीच पळापळ. तिसऱ्यांदा तर मास्तरांनी जीव ओतला, डोळ्यांत तेल घालून ताईच्या बोटांकडे बघत वाजवलं, आणि निकाल तोच.

"चहा टाकते," मास्तरांची बायको म्हणाली आणि आत गेली. तिला त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

ताईने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "अरे, आधी तर आधी. ब्रेक आधी लागलेला बराच की!"

"आधी की नंतर हा प्रश्नच नाही, ताई," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मला वाटतं एक आणि घडतं दुसरंच. मला वाटतं मी बरोबर आहे. चुकतोय हे कळलं असतं तर सुधारलं असतं. मला कळतच नाही. असा माणूस दुसऱ्याच्या जिवावर पाय ठेवून कसा बसणार?"

ताईने गिटार पिशवीत घातली आणि जाताना भावाच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात तिने फार वर्षांनी फिरवला होता.

शुक्रवार मास्तरांनी गॅलरीत बसून काढला. खाली रस्त्यावर गाड्या थांबत होत्या, सुटत होत्या. प्रत्येक ब्रेकच्या दिव्याबरोबर त्यांचा पाय नकळत जमीन दाबे आणि प्रत्येक वेळी ते स्वतःला विचारत, वेळेवर दाबला का? उत्तर कुणाकडे मागणार? डोक्यातलं घड्याळच पुढे गेलं असेल तर ते कशाशी लावून बघायचं? त्यांना त्या देखण्या गायकाची आठवण झाली. त्यालाही शेवटपर्यंत वाटत राहिलं होतं की आपण तालात आहोत. आता त्याच्या जागी आपण आलो, आणि आपल्याला सांभाळून घ्यायला मागे कुणी नाही. त्यांना भडभडून आलं. बायको दुकानातून आली तेव्हा ते म्हणाले, "उद्या मालकीणबाईंना सांगून टाकतो. जमणार नाही म्हणून."

"अहो, डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टरांनी माझं नाक तपासलं, अगं. ताल नाही तपासला."

शनिवारी दुपारी ताई न सांगता उगवली, गिटारसकट. "शेवटचं एकदा," ती म्हणाली. "मालकीणबाईंना काय सांगायचंय ते त्यानंतर सांग. मला माझं गाणं हवंय. तू धावलास तरी चालेल, मी तुझ्यामागे धावेन. इतकी वर्षं तू सगळ्यांना सांभाळलंस, आज मी तुला सांभाळते."

मास्तरांचं मन नव्हतं, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं कधी चाललं होतं? पुन्हा गाद्या उभ्या राहिल्या. पुन्हा एक कान झाकला, एक उघडा. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, ध्रुवपद झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी हेडफोनमध्ये टुंग असा एक बारीक आवाज झाला आणि सगळं शांत. ड्रम नाही, झांज नाही, काही नाही. बॅटरी संपली होती.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण मास्तर स्टेजवर वाढलेले. बत्ती गेली, माइक बंद पडला, नवऱ्यामुलाचा मामा नाचता नाचता झांजेवर येऊन आदळला, तरी ड्रम थांबवायचा नाही, ही त्यांची शिस्त. ते वाजवत राहिले. आता त्यांच्या कानात फक्त ताईचा आवाज आणि काठीखालच्या रबराची कोरडी थपथप होती. दोन-तीन ठोके अडखळले, मग हात स्थिरावला. ताईने गाता गाता मान वर केली. तिच्या भुवया उंचावल्या. तिचा आवाज मोकळा झाला, आणि तिसऱ्या कडव्यात तर तिने डोळेच मिटून घेतले. हे डोळे मिटणं मास्तरांना ओळखीचं होतं. मागे ड्रम भक्कम आहे याची खात्री पटली की ती बँडमध्येही असेच डोळे मिटायची.

गाणं संपलं तसं ती म्हणाली, "आत्ता कसा आलास! दुसऱ्या कडव्यापासून काय झालं तुला?"

"मला काही नाही झालं," मास्तर गोंधळून म्हणाले. "हेडफोन बंद पडले. मला माझा ड्रमच ऐकू येत नव्हता."

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने जीभ चावली. "अहो, ते माझ्यामुळे. काल इस्त्री करताना मालिका ऐकत होते. चार्जिंगला लावायचे राहून गेले." घरातल्या माणसावर दुःखाचा डोंगर कोसळलेला असताना आपण हेडफोन लावून मालिका ऐकत होतो, याची तिला चांगलीच लाज वाटली. पण तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत होती! बहीण-भाऊ दोघंही लॅपटॉपवर वाकले होते.

पडद्यावर दोन पट्टे होते. वर ताईच्या गिटारच्या लाटा आणि खाली मास्तरांच्या ठोक्यांच्या उभ्या रेघा. दुसऱ्या कडव्याचे पहिले दोन-तीन ठोके सोडले तर पुढची प्रत्येक रेघ बरोबर लाटेच्या टोकाखाली होती. मुंगी शिरेल एवढंही अंतर नाही. त्याच्या आधी मात्र प्रत्येक रेघ लाटेच्या अलीकडे.

"म्हणजे हेडफोन असले की मी चुकतो आणि नसले की बरोबर?" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा डोकावत होती आणि तिची त्यांना भीतीही वाटत होती.

"थांबा जरा," बायको म्हणाली. तिने पर्समधून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, तिचा एक तुकडा कापला आणि पडद्याला लावून पहिल्या रेघेपासून लाटेपर्यंतच्या अंतरावर नखाने खूण केली. मग तो तुकडा दुसऱ्या रेघेला लावला. "तेवढंच." तिसऱ्या रेघेला लावला. "तेवढंच." तिने तो तुकडा गुरुवारच्या तिन्ही रेकॉर्डिंगवरही फिरवला. हाताची रेघ, पायाची रेघ, कडव्यातली, ध्रुवपदातली, सगळीकडे खूण लाटेच्या टोकावर चपखल बसत होती. ती मागे वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "अहो, हात बिघडला असता तर एक ठोका इतका आधी पडला असता आणि दुसरा तितका. इथे एक केसाचाही फरक नाही. बिघडलेला हात असं वाजवेल का?"

लेकीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकदम ओरडली, "अरे देवा! बाबा, बिनतारी हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो. गाणी ऐकायला ते ठीक, पण वाजवायला अजिबात नाही. मी विसरलेच सांगायला. आणि बफरची पट्टी कुठे आहे?"

"टोकाला."

"बाबा! जरा पुढे सरकव म्हटलं होतं! मग तर उशिरावर उशीर. पण मला एक कळत नाही. काठी मारली आणि आवाज इतका मागून आला, तर कुणीही पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. तुला जाणवलं नाही?"

मास्तरांनी पॅडवरच्या काठीकडे पाहिलं. जाणवलं होतं. पहिल्याच आठवड्यात जाणवलं होतं. त्यांनी काय केलं होतं? हात पुढे टाकला होता. आवाज गाण्यावर बरोबर येऊन पडावा म्हणून काठी तेवढी आधी मारायला लागले होते. हेडफोनमध्ये ऐकू येणारा ड्रम खरंच गाण्याशी चपखल होता, कान खोटं बोलतच नव्हते. लॅपटॉपने मात्र आवाज नाही, काठी कधी पडली तेवढंच टिपून ठेवलं होतं. त्यांनी हे सगळं अडखळत सांगितलं.

मग ताईला हसू फुटलं. ती इतकी हसली की गिटार बाजूला ठेवून पलंगाच्या लाकडी फळीवर बसली. "अरे वेड्या," ती डोळे पुसत म्हणाली, "तू हेडफोनलाही सांभाळून घेतलंस! तो गायक निदान जिवंत माणूस तरी होता!"

मास्तरही हसू लागले. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतक्या महिन्यांत त्यांच्या बायकोने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वस्तरा पडला त्या दिवशीसुद्धा नाही. तिने त्यांना रडू दिलं. तिचा स्वतःचाही जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडल्याचा आवाज, तिच्या म्हणण्याप्रमाणे, खालच्या शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू गेला असेल.

"बाबा, सॉरी," फोनवरून लेक रडवेली होऊन म्हणत होती. "मी दिलेल्या हेडफोनमुळे..."

"सॉरी काय म्हणतेस, बाळा," मास्तर नाक पुसत म्हणाले. "फार चांगले हेडफोन आहेत. आईच्या मालिकांसाठी."

जुने वायरचे हेडफोन कपाटातून निघाले. बफरची पट्टी टोकावरून मागे आली, चरचर सुरू होईल न होईल अशा बेताच्या जागी. पहिले काही ठोके मास्तरांनी सवयीने आधी मारले, मग हाताने जुनी ओळख धरली. संध्याकाळ व्हायच्या आत ताईचं गाणं पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत अचूक तालात रेकॉर्ड झालं. ताईने ते तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा स्वतःच्या आवाजात खोड काढली. ड्रमबद्दल ती काही बोलली नाही, आणि ताई बोलली नाही म्हणजे काय, हे मास्तरांना ठाऊक होतं.

तेवढ्यात मालकीणबाईंचाच फोन आला. "मास्तर, मग काय ठरलं?"

"सोमवारी येतो," मास्तर म्हणाले. "सकाळची पहिली गाडी द्या."

सोमवारी पहिल्या शिकणाऱ्या निघाल्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई. लोकांच्या तोंडात सुई घालताना त्यांचा हात हलत नसे, पण स्टिअरिंगवर मात्र थरथरत होता. "मास्तर, माझ्याकडून कुणी मरणार तर नाही ना?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं. "दात काढायच्या आधी तुमचे पेशंट हेच विचारत असतील," मास्तर म्हणाले. त्या हसल्या आणि गाडी सुरू झाली. मास्तरांनी आपला पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला, पायाखाली अंडं असावं तसा. बाहेरून ते शांत दिसत होते. पण गोळ्यांच्या पट्टीवरची खूण एका बाजूला आणि खरा रस्ता दुसऱ्या बाजूला.

बाजाराच्या वळणावर उभ्या असलेल्या टेम्पोमागून एक माणूस अचानक रस्त्यात उतरला. त्याने छातीशी खोक्यांची एवढी उंच चळत धरली होती की त्याला समोरचं काही दिसतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "अगं आई" निघालं. त्याच क्षणी गाडी मंदावली आणि अलगद, जराही हिसका न देता, खोक्यांपासून हातभर अंतरावर थांबली. तो माणूस खोक्यांच्या आडून गुणगुणत पलीकडे निघून गेला. आपल्यासाठी कुणी थांबलं हे त्याला कळलंसुद्धा नाही.

विचार आणि पाय, मास्तरांना स्पष्ट जाणवलं, एकदमच पोचले होते. मधे सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती. कितीतरी महिन्यांनी त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

डॉक्टरीणबाई स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होत्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "मास्तर, पाहिलंत?" त्या म्हणाल्या. "मी थांबवली! वेळेवर दाबला ना मी ब्रेक?"

"अगदी ठोक्यावर," मास्तर म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंना कळणार नाही अशा बेताने आपला पाय ब्रेकवरून हळूच उचलला.